हत्तीवरून उतरण्याची साधना

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा मोलाचा असतो. ज्यांनी पहिली वीट ठेवली त्यांपैकी अनेकजण आज आपल्यात नाहीत. ज्यांनी त्यांच्या हाताला हात लावला ते आज ज्येष्ठांच्या रांगेत बसले आहेत. ज्यांच्या हाती पुढची पन्नास वर्षे जायची आहेत, ती मुले मागच्या बाजूला सतरंजीवर दाटीवाटीने बसली आहेत. अशा वेळी गौरव करावा, आठवणी सांगाव्यात, सत्कार व्हावेत, हे सर्व उचितच आहे. परंतु जैन परंपरेत उत्सव आणि आत्मपरीक्षण यांची फारकत कधीच मान्य झालेली नाही. पर्युषणासारखे महापर्वसुद्धा क्षमायाचनेने पूर्ण होते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एका अवघड विषयाकडे वळणे योग्य ठरेल. तो विषय म्हणजे अहंकार, आणि अहंकाराच्या पलीकडे उभी असलेली जबाबदारी.

बाहुबलींचा हत्ती

क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय आत्म्याला बांधून ठेवतात, हे येथील प्रत्येक पाठशाळेतील बालकास ठाऊक आहे. या चौघांत मान हा सर्वांत चतुर होय. क्रोध चेहऱ्यावर दिसतो, लोभ व्यवहारात दिसतो, माया आज ना उद्या उघडी पडते. मान मात्र सद्गुणाचे वस्त्र पांघरून येतो. तो दानात शिरतो, तपात शिरतो, विद्वत्तेत शिरतो, एवढेच काय, नम्रतेतसुद्धा शिरतो.

भगवान ऋषभदेवांचे पुत्र बाहुबली यांची कथा या संदर्भात पुनःपुन्हा आठवावी अशी आहे. भरताशी झालेल्या द्वंद्वात विजय हाती आला असताना बाहुबलींनी उगारलेली मूठ आवरली, त्याच मुठीने केशलोच केला आणि राज्याचा त्याग करून ते कायोत्सर्गात उभे राहिले. वर्ष लोटले. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळे उभी राहिली. पण केवलज्ञान होईना. श्वेतांबर परंपरा याचे कारण सांगते. धाकट्या भावांनी आधी दीक्षा घेतली होती. ऋषभदेवांकडे जायचे तर त्या धाकट्यांना वंदन करावे लागणार, आणि मन तेवढ्यासाठी अडले होते. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी साध्वी तेथे आल्या आणि त्यांनी भावाला हत्तीवरून खाली उतरण्याची विनंती केली. वनात हत्ती कुठला? बाहुबलींना क्षणभर अर्थ लागला नाही; आणि लागला तेव्हा त्यांनी वंदनासाठी पाऊल उचलले. त्या उचललेल्या पावलातच केवलज्ञान प्रकटले. दिगंबर परंपरेत कथेचा तपशील निराळा आहे, तरी मनात उरलेले एक सूक्ष्म शल्य हाच तेथेही अडथळा आहे.

या कथेतील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावयास हवे. पहिली अशी की, राज्य सोडणे सोपे ठरले आणि मान सोडणे अवघड. दुसरी अशी की, मान गेला तो अधिक कठोर तप केल्याने गेला नाही. तो गेला दुसऱ्याच्या दिशेने उचललेल्या एका पावलाने. अहंकाराशी झुंजत बसल्याने अहंकार वाढतो. दुसऱ्याकडे चालू लागल्याने तो गळतो. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे.

शिळेवरचे नाव

श्रवणबेळगोळ येथे सुमारे सत्तावन्न फूट उंचीची गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस गंगराज्याचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने उभी करविली. मूर्तीच्या पायाशी, ती त्याने करविली अशा आशयाची ओळ कोरलेली आहे. मराठी भाषेच्या प्राचीन शिलालेखांत तिची गणना होत असल्याने मराठी वाचकाला तिचे विशेष अप्रूप आहे. परंतु त्याच स्थानाशी निगडित एक आख्यायिकाही आहे. चामुंडरायाने मोठ्या थाटात दुग्धाभिषेक आरंभिला. घडेच्या घडे रिते झाले, तरी दूध मूर्तीच्या कमरेखाली उतरेना. अखेर एका वृद्धेने लहानशा फळाच्या करवंटीतून आणलेले चमचाभर दूध वाहिले आणि ते मूर्तीच्या पायापर्यंत ओघळले. त्या वृद्धेची, गुळ्ळकायज्जीची, प्रतिमा आजही मूर्तीच्या समोर उभी आहे.

आख्यायिका इतिहास नसेल. पण ती जपणाऱ्या समाजाचे शहाणपण तिच्यात आहे. ज्याने एवढे अपूर्व शिल्प घडविले त्याच्या दानाची थोरवी समाजाने नाकारली नाही, त्याचे नावही पुसले नाही. मात्र त्या नावासमोर एका अनाम म्हातारीला उभे करून ठेवले. दात्याने मान वर करून मूर्तीकडे पाहावे आणि मागे वळताना त्या म्हातारीकडेही पाहावे, अशी ही योजना आहे.

आपल्या संस्थांच्या भिंतींवर पाट्या असतात. पंख्याच्या पात्यांवर नावे असतात, पाणपोईवर नावे असतात, बाकांच्या पाठीवर नावे असतात. दात्याचे नाव लिहिण्यात दोष नाही. त्याने इतरांना प्रेरणा मिळते, हेही खरे. परंतु नाव वर लिहावे की खाली, मोठे लिहावे की लहान, यावरून ज्या दिवशी दोन घरांतील बोलणे थांबते, त्या दिवशी ते दान कोणाला पोहोचले हे विचारण्याची वेळ येते. बोलीच्या प्रसंगी आकडा चढत जातो तेव्हा भक्ती किती चढली आणि ईर्ष्या किती चढली, याचा हिशेब बोलणाऱ्यालाच ठाऊक असतो. मासखमणाच्या पारण्याला बँड वाजतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापले जाते. तपस्व्याची अनुमोदना करणे हे आपले कर्तव्यच आहे, पण शास्त्रकारांनी आठ मदांच्या यादीत तपाचाही समावेश करून ठेवला आहे, याचे विस्मरण होऊ नये. क्षमापनेच्या दिवशी शेकडो पत्रिका टपालात पडतात आणि आता शेकडो संदेश एका बोटाने रवाना होतात. ते सर्वांना जातात. ज्या एका माणसाशी अबोला आहे, नेमके त्याचे नाव यादीतून निसटते.

‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

यावर कोणी म्हणेल की, म्हणूनच तर संस्था हवी. व्यक्तीचा अहंकार संस्थेत विरघळतो. हे अर्धेच सत्य आहे. संस्थेत ‘मी’ विरघळतो खरा, परंतु पुष्कळदा त्याच्या जागी ‘आम्ही’ येऊन बसतो. आमचा संघ, आमचा संप्रदाय, आमचे महाराज, आमचे भवन. हा ‘आम्ही’ म्हणजे उंच हत्ती आहे, आणि त्यावर अनेकजण एकत्र बसलेले असल्यामुळे आपण हत्तीवर आहोत हे कोणालाच जाणवत नाही. उलट, सर्वांच्या मांडीला मांडी लागलेली असल्यामुळे ती समता वाटू लागते.

येथे मराठी भाषेने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा माणूस वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो आत घेतला जातो. घरात मारवाडी बोलणाऱ्यांना हाच भेद ‘म्हे’ आणि ‘आपां’ यांत सापडेल, गुजराती बोलणाऱ्यांना ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांत सापडेल. ‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंतचा प्रवास म्हणजे संघटन, ते पुष्कळांना जमते. ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंतचा प्रवास म्हणजे धर्म. ज्याला सामूहिक चेतना म्हणतात ती या दुसऱ्या प्रवासात जन्मास येते.

जैन दर्शनाने हा प्रवास केवळ भावनेवर सोपविलेला नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात प्रत्येक द्रव्याचे कार्य सांगितले आहे, आणि तेथे जीवांचे कार्य एकमेकांवर उपकार करणे हे आहे, असे आचार्य उमास्वाती सांगतात. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व संप्रदायांनी मान्य केलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी हेच सूत्र घेतलेले आहे. हा उपदेश नाही, हे वस्तुस्थितीचे वर्णन आहे, हे ध्यानात घ्यावे. अग्नी उष्णता देतो तसा जीव जीवाला आधार देतो. जो आधार देत नाही तो स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागत असतो. समवसरणात देशनेपूर्वी तीर्थंकर स्वतः तीर्थाला, म्हणजेच चतुर्विध संघाला वंदन करतात, असे परंपरा सांगते. ज्यांना जिंकायचे काही उरले नाही तेही समूहापुढे नमतात, मग ज्यांचे सारेच जिंकायचे उरले आहे त्यांनी किती नमावे?

पालीचा पाठ

हा विचार आगमांत आहे, कथांत आहे. पण तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की बिंदुसरेच्या परिसरात पाली हे गाव येते. या गावाच्या शिवारात दत्ता बारगजे आणि संध्या बारगजे या दाम्पत्याने ‘इन्फंट इंडिया’ या संस्थेद्वारे एचआयव्हीबाधित बालकांचे घर उभे केले. लोक त्यास आनंदग्राम म्हणून ओळखतात.

या कार्याचे मोल कळण्यासाठी ते सुरू झाले तो काळ आठवावा लागेल. ज्या आजाराचे नाव उच्चारताना लोक आवाज खाली करीत, तो आजार बालकाला बहुधा जन्मतःच आईकडून मिळतो. गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून. कोणताही उपचार न झाल्यास अशा मातेच्या शंभर अपत्यांपैकी पंधरा ते पंचेचाळीस अपत्यांना संसर्ग होऊ शकतो. योग्य औषधोपचार झाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. म्हणजे बालकाच्या हातून काहीही घडलेले नसते, आणि वेळेवर कोणी लक्ष दिले असते तर पुष्कळांचे दुःख टळले असते. तरीही आई-वडील गेल्यावर अशा मुलाला नातलग ठेवून घेण्यास तयार नसत. त्याचे ताट वेगळे, त्याचे अंथरूण वेगळे, शाळेत त्याचा बाक वेगळा. दरवर्षी ऊसतोडीसाठी घरेदारे बंद करून बाहेर पडणाऱ्या या जिल्ह्यात तर मागे राहिलेल्या निरोगी मुलाचेही हाल होतात. मग अशा मुलाची काय कथा!

स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा खोकल्याने हा संसर्ग होत नाही, हे विज्ञान केव्हाच सिद्ध करून चुकले होते. सरकारी एआरटी केंद्रांतून मोफत औषधे देण्याचा कार्यक्रम देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. आज नियमित औषधे घेणारे बाधित बालक शिकते, मोठे होते, काम करते, संसार करते. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. औषध आले, कायदा आला. परंतु औषध वेळेवर तोंडात घालणारा हात मात्र कायद्याने निर्माण होत नाही. ही औषधे रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर घ्यावी लागतात. त्यांत खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. मुलाला सकस आहार लागतो, तपासण्या लागतात. आणि रात्री भीती वाटली तर कोणीतरी जवळ लागते. असे रोज, वर्षानुवर्षे, ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही त्यांच्यासाठी करीत राहणे म्हणजे काय असते, याची कल्पना ज्या घरात एक मूल दीर्घकाळ आजारी पडले आहे त्या घरातील मातेलाच येईल.

अशा मुलांना आपले म्हणणारे दाम्पत्य पालीच्या शिवारात आले कोठून? बारगजे हे आरोग्य खात्याच्या नोकरीनिमित्त गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला होते. जवळच हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरपासून चालत आला आहे. त्या सहवासातून बारगजे यांना प्रेरणा मिळाली. हेमलकशाची प्रेरणा बाबा आमटे यांची, आणि बाबांची कथा तर महाराष्ट्राला पाठ आहे. वरोऱ्यातील वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष, डोक्यावरून मैला वाहून नेण्याचे काम स्वतः करून पाहिलेला निर्भय माणूस. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम हा महारोगी त्यांना दिसला, आणि त्यांचा थरकाप उडून ते घराकडे पळाले. आपण कशालाच भीत नाही, हा त्यांचा अभिमान त्या रात्री गळून पडला. ते पुन्हा माघारी आले, त्या देहाला आडोसा केला, त्याची सेवा केली. पुढे आनंदवन उभे राहिले, त्याचे मूळ या माघारी येण्यात आहे.

हेही हत्तीवरून उतरणेच होते. बाहुबलींनी वंदनासाठी पाऊल उचलले, बाबांनी सेवेसाठी पाऊल मागे वळविले. आणि त्या एका पावलामागे पावले पडत गेली. वरोऱ्याहून हेमलकसा, हेमलकशाहून पाली. तुळशीरामाच्या झोपडीवर धरलेला आडोसा शेकडो कोस चालत बीड जिल्ह्यातील अनाथ मुलांवर छाया धरतो, हीच सामूहिक चेतना होय. ती सभेत ठराव करून निर्माण होत नाही. एकाने जबाबदारी घेतलेली दुसऱ्याने पाहिली की ती त्याच्यात उतरते, जशी एका दिव्यावर दुसरी वात लावावी.

वैयावृत्त्य: अंतरंग तप

येथे एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे की, हे समाजसेवेचे झाले, यात धर्म कोठे आला? उत्तर शास्त्रातच आहे. बारा तपांपैकी सहा बाह्य आणि सहा अंतरंग. उपवास बाह्य तपात येतो. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही अंतरंग तपे होत. वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा, विशेषतः आजारी, वृद्ध आणि तपाने क्षीण झालेल्या साधूंची. तिला ध्यानाच्या पंक्तीत बसविणारी ही व्यवस्था किती दूरदर्शी आहे! आणि विनयाला तिच्या आधी ठेवले आहे, हेही अर्थपूर्ण आहे. मान असताना केलेली सेवा उपकार ठरते; मान सोडून केलेली सेवा तप ठरते. शास्त्राने हे तप मुख्यतः साधुसंघाच्या संदर्भात सांगितले असले, तरी श्रावकाने त्याची कक्षा संघापुरती ठेवावी, असे अहिंसेचा कोणताही उपासक म्हणणार नाही. जो मुंगीच्या पावलाचा विचार करतो, त्याने पोरक्या लेकराच्या ताटाचा विचार करावा, हे ओघानेच येते.

याच धर्माच्या संस्कारांत वाढलेल्या माणसांनी ‘आम्ही’चे कुंपण ओलांडल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत. कुंभोजच्या जैन घराण्यात २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू घातली. त्या काळी हे सोपे नव्हते. स्वजनांचा रोष होता, परक्यांचा संशय होता. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी सौभाग्यलेणे मोडले. भाऊरावांचे नाव आज अजरामर आहे. पण संस्थेला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, ‘रयत’ हे नाव दिले. त्या एका शब्दातच ‘मी’ आणि ‘आम्ही’ दोन्ही गळून पडले आहेत.

अलीकडचे उदाहरण या जिल्ह्याच्या मातीतले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ती मुले कोणत्या जातीची, कोणत्या पंथाची, हे विचारून नेली नाहीत. धान्याचे एक पोते देऊन परतणे शक्य होते. अनेकांनी ते केले, आणि त्याचीही त्या वेळी गरज होती. परंतु मुलाला शाळेत घालणे म्हणजे पुढील दहा-बारा वर्षांचे ओझे पत्करणे. मदत आणि जबाबदारी यांतील अंतर हे असे वर्षांत मोजावे लागते.

पुढील पन्नास वर्षे

आता या संस्थेकडे पाहू. कायद्याच्या भाषेत संस्थेचा कारभार पाहणाऱ्यास विश्वस्त म्हणतात. विश्वस्त मालक नसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने त्याच्यावर हिशेब ठेवण्याचे आणि तो तपासून घेण्याचे बंधन घातले आहे. महात्मा गांधींनी ही कल्पना प्रत्येक धनिकापर्यंत नेली, आणि अपरिग्रहाचे व्रत जाणणाऱ्यास तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. संपत्तीबाबत हे आपण मान्य करतो. पद, मान आणि श्रेय यांबाबतही आपण विश्वस्तच आहोत, हे मान्य करणे थोडे जड जाते. मागच्यांनी दिलेले श्रेय सांभाळावे आणि पुढच्यांच्या हाती द्यावे. ते स्वतःच्या खात्यावर जमा करू नये.

त्या दृष्टीने चार साध्या गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली, संस्थेचे प्रतिक्रमण. व्यक्ती प्रतिक्रमण करते, मग संस्थेने का करू नये? वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर आणखी एक पान वाचले जावे. या वर्षी आपल्या दारी आलेला कोणी विन्मुख गेला काय? आपल्याच समाजातील कोणते घर आपल्या कार्यक्रमांना येईनासे झाले आणि का? आपल्या बोलण्याने कोण दुखावले? हे पान लिहिणे कठीण आहे. पण तेच पान नसेल तर बाकीचा अहवाल ही केवळ स्वस्तुती ठरते.

दुसरी, वेळेचे दान. धनाचे दान देणारे हात येथे नेहमीच पुढे आले आहेत. त्याच्या जोडीला आठवड्यातील दोन तास देणारे हात हवेत. शासकीय रुग्णालयात नातलग नसलेल्या रुग्णाजवळ बसणे, एखाद्या मुलास नियमित अभ्यास शिकविणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धेची औषधे आणून देणे. पैसे एकदा देऊन होतात. वेळ पुनःपुन्हा द्यावा लागतो. म्हणूनच तो देणाऱ्याला बदलून टाकतो.

तिसरी, मर्यादेचे भान. पालीसारख्या ठिकाणी वाढदिवस साजरा करण्यास, मिठाई वाटण्यास लोक जातात. भावना चांगली असते. परंतु खाऊचा पुडा देताना मुलाच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढणे आणि ते गावभर दाखविणे, यात त्या मुलाचे काय होते, याचा विचार व्हावा. अशा बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी करुणेने ती केलीच असती. दात्याचा चेहरा दिसावा म्हणून बालकाचे दुःख दिसावे लागत असेल, तर ते दान पुन्हा हत्तीवर चढले, असे समजावे. अशा संस्थेला काय हवे ते आधी विचारावे. कदाचित मिठाई नको असेल, वर्षभराचे धान्य हवे असेल, किंवा मोठ्या झालेल्या मुलाला दुकानात नोकरी हवी असेल.

आणि येथेच चौथी, सर्वांत खरी कसोटी येते. आपल्या समाजातील पुष्कळ बंधूंची दुकाने आहेत, व्यवसाय आहेत. पालीसारख्या घरात वाढलेला, औषधे नियमित घेणारा, अंगात धमक असलेला तरुण उद्या नोकरी मागण्यास आला, तर त्याला गल्ल्याशेजारी उभे करण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? दुपारी डबा उघडताना त्याला शेजारी बसवू काय? ग्राहकांना कळले तर काय, या भीतीने पाऊल अडखळले, तर ती भीती स्वाभाविक आहे. बाबा आमटेसुद्धा त्या रात्री पळालेच होते. प्रश्न पळण्याचा नसून माघारी येण्याचा आहे.

ज्या दिवशी असा एक तरुण आपल्या पंगतीत सहज बसेल, त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही आणि त्याला बसविल्याचे कोणी भाषणातही सांगणार नाही, त्या दिवशी ‘आम्ही’चे ‘आपण’ झाले, असे म्हणता येईल. सुवर्णमहोत्सवाची पाटी भिंतीवर अवश्य लागो. परंतु शताब्दीच्या सभेत, आज मागे बसलेली ही बालके ज्येष्ठांच्या रांगेत बसलेली असतील तेव्हा, त्यांना पाटीवरील नावे वाचून दाखवावी लागू नयेत. या संस्थेच्या दारातून कोणीही परका म्हणून परतला नाही, एवढीच आठवण त्यांच्यापाशी असावी.

बाहुबलींना त्यांच्या भगिनींनी हाक मारली होती. आजही हाक येतेच आहे. कधी घरातून, कधी रुग्णालयातून, कधी पालीच्या वाटेवरून. ती ऐकून एक पाऊल उचलावे, एवढेच आपल्या हाती आहे.

या व्याख्यानात वीतरागांच्या आज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले गेले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम.

जय जिनेंद्र!